वठलेलं झाड पडलं आणि सुतार पक्षी भिंतीवर आला: एका लाकडी घराचं प्रकरण

पार्श्वभूमी

घर दुमजली. खालचा मजला दगडविटांचा, वरचा लाकडी. वरच्या भिंतीला बाहेरून आडव्या फळ्या, त्यांच्या मागे ऊन-थंडी अडवायला थर्माकोलसारख्या फोमचा जाड थर आणि मग आतली भिंत. फळ्यांना रंग नव्हता, नुसतं गडद तपकिरी पॉलिश. वळचणीच्या कडेने फिरणारी लाकडी पट्टीही तशीच, तिचं पॉलिश तर कधीच उडून गेलेलं. घराला तिन्ही बाजूंनी मोठ्या झाडांचा वेढा होता.

घरात तीन माणसं: ताई, त्यांचे यजमान आणि यजमानांची आई. मी त्यांना ताई, दादा आणि आजी म्हणायचो, इथेही तसंच लिहितो. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. नुकसान, निर्णय आणि चुका मात्र घडल्या तशाच मांडल्या आहेत. मी जुन्या घरांच्या दुरुस्तीची पाहणी करतो आणि पक्षी बघायचा नाद लहानपणापासूनचा आहे. म्हणून ‘पक्षी घर फोडतोय’ अशी तक्रार आली की ती माझ्याकडे येते.

मागच्या अंगणात, घरापासून दहा-बारा पावलांवर, एक मोठं झाड वठून उभं होतं. एका वादळात त्याची फांदी कोसळली, तेव्हा घरावर पडायला नको म्हणून दादांनी ते बुंध्यापासून उतरवलं. त्यात गैर काहीच नव्हतं. पुढच्या सगळ्या गोष्टीचं मूळ मात्र तिथे आहे.

काय बिघडत होतं

झाड उतरवल्यावर दोनेक महिन्यांनी पहाटे आवाज सुरू झाला. धुराड्यावरच्या पत्र्याच्या टोपीवर कोणीतरी टर्रर्र करून ताशा वाजवावा तसा. दोन-तीन सेकंद आवाज, मग शांतता, की पुन्हा आवाज. धुराडं आजींच्या खोलीच्या भिंतीतून वर जातं, त्यामुळे तो नाद सरळ त्यांच्या उशाशी उतरायचा.

महिन्याभरात वळचणीची पट्टी दोन ठिकाणी फाटलेली दिसली. लाकडाच्या लांब चिरफळ्या लोंबत होत्या. त्यानंतर मागच्या तिकोनी भिंतीवर, छपराच्या टोकाखाली हातभर अंतरावर, एक गोल भोक पडलं. खाली गवतावर फोमचे पांढरे मणी सांडलेले. ते बघून दादांनी मला फोन केला. पहिलंच वाक्य होतं, “पक्ष्याने भिंत आरपार केलीय, पावसाआधी बुजवायचंय, तुम्ही कधी येता?”

मी पोचण्याआधी झालेले उपाय

लोक साधारण जे करतात तेच या घरानेही केलं होतं. प्लास्टिकचं घुबड आणून छपरावर बसवलं. पक्षी चार दिवस लांब राहिला, पाचव्या दिवशी घुबडापासून दोन फुटांवर बसून ताशा वाजवत होता. न हलणारी वस्तू धोक्याची नाही, हे पक्ष्यांना फार लवकर कळतं.

मग माणसाला ऐकू न येणारा आवाज काढणारं एक यंत्र आलं. हे यंत्र विकणारा मनुष्य एक गोष्ट सांगत नाही: पक्ष्यांनाही तो आवाज ऐकू येत नाही. पक्ष्यांच्या कानाची वरची मर्यादा आपल्यापेक्षा जास्त नाही, बहुतेकांची कमीच आहे. वटवाघळांना जे ऐकू येतं ते सुतार पक्ष्याला येत नाही.

दादांनी पाण्याचा फवाराही मारून पाहिला. पक्षी उडायचा आणि पाण्याची धार ओसरली की परतायचा. फळ्यांच्या सांध्यांत मात्र पाणी जिरलं, हे नुकसान पक्ष्याने केलेलं नव्हतं.

हा सगळा काळ वाया गेला आणि तो काळच महत्त्वाचा होता. सुतार पक्षी एखाद्या जागेला एकदा सरावला की त्याला हलवणं अवघड होत जातं. पहिल्या आठवड्यात जे सहज जमतं, तेच तिसऱ्या महिन्यात झगडून करावं लागतं.

खुणा वाचणं

पहिल्या दिवशी मी भिंतीजवळ जाण्याआधी घराभोवती दोन फेऱ्या मारल्या. घरच्यांच्या मनात ‘पक्षी घर टोचतो’ अशी एकच तक्रार होती. खुणा मात्र तीन तऱ्हेच्या होत्या. सुतार पक्षी तीन वेगळ्या कारणांनी चोच मारतो आणि प्रत्येक कारणाची खूण वेगळी उमटते.

धुराड्याच्या टोपीवरचा आवाज म्हणजे घोषणा. इतर पक्षी गाऊन सांगतात की ही हद्द माझी आहे आणि मला जोडीदार हवा आहे, सुतार पक्षी ते वाजवून सांगतो. काही जाती सेकंदाला वीसपर्यंत ठोके मारतात. त्याला पोकळ, घुमणारी वस्तू हवी असते. रानात ती वठलेल्या फांदीत मिळते, घरात पत्र्याची टोपी, पन्हळ किंवा आतून पोकळ फळी. याने भोकं फारशी पडत नाहीत, पत्र्यावर पोचे येतात, लाकडावर उथळ खळगे. विणीचा हंगाम सरला की हे बहुतेक आपोआप थांबतं.

आजींनी त्या वेळी विचारलं होतं, “एवढं आपटून त्याचं डोकं दुखत नाही का रे?” फार वर्षं असं सांगितलं जायचं की त्याची कवटी स्पंजासारखी हादरे शोषून घेते. 2022 साली वेगवान कॅमेऱ्यांनी केलेल्या अभ्यासात उलटंच दिसलं. कवटी ताठ हातोडीसारखी वागते, कारण हादरा शोषला गेला तर ठोक्याचाच जोर जाईल. मेंदू इतका लहान असतो की त्याला ते सोसतं. मी आजींना म्हटलं, तो थकून थांबेल या आशेवर राहण्यात अर्थ नाही.

तिकोनी भिंतीवरचं भोक वेगळं. कडा साफ, आकार नेटका गोल, मोठ्या लिंबाएवढा. हे घराचं दार. फळीच्या मागे फोम लागला की पक्ष्याला आयती पोकळी कोरायला मिळते. कुजलेल्या खोडासारखाच फोमही चोचीला मऊ लागतो. हे फक्त राहत्या घरांचं दुखणं नाही. 1995 साली अमेरिकेच्या ‘डिस्कव्हरी’ या अंतराळयानाच्या इंधनटाकीवरच्या फोमला फ्लिकर जातीच्या सुतार पक्ष्यांनी जवळपास 200 भोकं पाडली होती. यान उड्डाणतळावरून मागे नेऊन दुरुस्त करावं लागलं आणि उड्डाण जुलैपर्यंत पुढे गेलं.

वळचणीच्या पट्टीवरच्या चिरफळ्या ही तिसरी खूण. ती मी नीट वाचली नाही. त्याबद्दल पुढे लिहितो.

फेरी मारताना अंगणाच्या कडेला त्या वठलेल्या झाडाचे तीन तुकडे पडलेले दिसले. वरच्या तुकड्याला दोन ढोल्या होत्या, एक जुनी काळवंडलेली आणि एक नवी. नव्या ढोलीची कड अजून फिकट होती. मी ताईंना तिथे नेलं आणि ढोलीच्या तोंडावर हात ठेवायला सांगितलं, मग भिंतीवरच्या भोकाकडे बोट दाखवलं. दोन्हींचं माप एक. त्या काही वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “म्हणजे आधी आपणच त्याचं घर पाडलं.” मला हे दोषाच्या भाषेत मांडायचं नव्हतं, झाड धोक्याचं होतंच. पण पक्षी भिंतीवर का आला याचं उत्तर त्या तुकड्यात होतं आणि पुढचे उपाय त्यावरूनच ठरले.

पहिला निर्णय: बुजवायचं की थांबायचं

दादांचं म्हणणं सरळ होतं. पाऊस दारात आहे, भोकातून पाणी आत जाईल, फोम भिजेल, बुरशी येईल. आज बुजवा. घराच्या बाजूने यातला प्रत्येक शब्द बरोबर होता.

मी म्हटलं, आधी आत कोणी आहे का ते बघू. पक्षी, पिल्लं किंवा वटवाघूळ आत असताना भोक बंद केलं तर ते आत मरतं. भिंतीत कुजतं, वास येतो, किडे होतात. बाहेर राहिलेला जोडीदार बाजूची फळी फोडायला लागतो, म्हणजे एका भोकाची दोन होतात. आणि मला त्याहून मोठी वाटणारी गोष्ट म्हणजे, आत जिवंत जीव असताना भिंत लिंपणं मला मान्यच नाही. कायदाही तेच सांगतो. भारताचा 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा, ब्रिटनचा 1981 चा, अमेरिकेचा स्थलांतरित पक्ष्यांविषयीचा 1918 चा, अशा बऱ्याच देशांच्या कायद्यांत रानपक्ष्यांची अंडी आणि वापरातली घरटी यांना संरक्षण आहे.

तपासणी साधी असते. संध्याकाळी, पक्षी बाहेर असताना, भोकाच्या तोंडाशी कागदाचा सैल बोळा ठेवायचा. तो दोन-तीन दिवस जागचा हलला नाही तर भोक रिकामं. आमचा बोळा पहाटेपर्यंत खाली पडला होता. मग मिस्त्रींनी पाइपात घालायचा लांब नळीचा कॅमेरा आणला. मादी उडून गेल्यावर मिनिटभरच आत सोडला. फोम कोरून केलेली वाटीसारखी जागा आणि तळाशी, गवत-काडी काहीही न अंथरलेल्या भुश्यावर, चार पांढरीशुभ्र अंडी. ढोलीत घरटं करणाऱ्या पुष्कळ पक्ष्यांची अंडी अशी पांढरी असतात, अंधारात त्यांना रंगाची गरज नसते.

आता हिशेब करायचा होता. सुतार पक्ष्याची अंडी साधारण दोन आठवड्यांत उबतात आणि पिल्लं पुढे तीन-चार आठवड्यांनी बाहेर पडतात. म्हणजे पाच ते सहा आठवडे. पाऊस त्याआधी येणार हे उघड होतं.

दादा चिडले, आणि त्यांचं चिडणं मला समजलं. घर त्यांचं, भिजणार ते त्यांचं. शेवटी थांबायचं ठरलं ते आजींच्या शब्दावर. त्या म्हणाल्या, “पिल्लं उडेपर्यंत माझी खोली खाली हलवा, पण भिंत बंद करू नका.” मधल्या काळासाठी मिस्त्रींनी भोकाच्या वर, पक्ष्याच्या वाटेत न येता, पत्र्याची पन्हळी पट्टी तिरकी ठोकली, म्हणजे भिंतीवरून उतरणारं पाणी बाजूला जाईल. पोटमाळ्यात भोकाच्या मागच्या बाजूला आतल्या भिंतीशी प्लास्टिकचा कागद लावला आणि त्याची कड एका घमेल्यात सोडली. हे काम एका दुपारी, अर्ध्या तासाच्या टप्प्यांनी केलं, मधे मधे सगळे शिडीवरून उतरून लांब जायचे. दर वेळी नर पाच-सात मिनिटांत परत आला.

बाकीचे पर्याय

पकडून लांब सोडणं किंवा मारणं यावर फार वेळ घालवला नाही. कायदा नाही म्हणतो, आणि जागा चांगली असेल तर रिकाम्या हद्दीत दुसरी जोडी येते. चिकट लेप हा पर्याय एका दुकानदाराने दादांना सुचवला होता. तो पिसांना लागला की पक्ष्याला उडता येत नाही आणि लहान पक्षी तर त्यात अडकून मरतात. त्याला मी स्पष्ट नकार दिला.

घाबरवण्याच्या उपायांबद्दल बरीच ऐकीव माहिती फिरते, म्हणून एक चांगला अभ्यास सांगतो. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी सुतार पक्ष्यांचा त्रास असलेल्या घरांवर वेगवेगळे उपाय लावून पाहिले: बनावट डोळे, प्लास्टिकची घुबडं, चमकत्या पट्ट्या, मुक्कामासाठी लाकडी पेट्या, खाद्य आणि आवाजाची यंत्रं. त्यांत थोड्याफार सातत्याने काम केलं ते फक्त चमकत्या पट्ट्यांनी, आणि त्यांनीही सगळ्या घरी नाही. त्या लखलखतात, वाऱ्यावर पिळतात, फडफडतात, त्यामुळे पक्ष्याला त्यांची सवय उशिरा होते. म्हणून इथे पट्ट्या लावायच्या ठरल्या, पण घरट्याजवळ नाही. पालक पक्षी बुजून अंडी सोडून गेले असते तर थांबण्याला काही अर्थच उरला नसता. पट्ट्या बाकीच्या दोन बाजूंना लागल्या, दुसरं भोक सुरू होऊ नये म्हणून.

जाळी हा सगळ्यांत खात्रीचा उपाय आहे, फक्त नीट लावली तर. डोळे 19 मिलिमीटरच्या आसपासचे हवेत, जाळी भिंतीपासून किमान सात-आठ सेंटिमीटर लांब आणि ताणलेली हवी, आणि बाजूंनी बंद. भिंतीला चिकटलेल्या जाळीतून पक्षी सरळ चोच घालतो आणि ढिल्या जाळीत अडकून लोंबकळतो. पिल्लं उडेपर्यंत तिकोनी भिंतीवर ती लावता येत नव्हती.

फळ्या काढून सिमेंटचे तक्ते लावणं हा कायमचा उपाय होता. खर्च मोठा, आणि दादांना घराचं लाकडी रूप जपायचं होतं. तो बाजूला ठेवला.

वळचणीची पट्टी: माझी चूक

पट्टीवरच्या चिरफळ्या बघून मी पहिल्या दिवशी ठरवून टाकलं की हाही वाजवण्याचाच प्रकार, किंवा अर्धवट सोडलेलं भोक. तिथे चमकत्या पट्ट्या लावल्या आणि पुढे गेलो. दोन आठवड्यांनी नुकसान तिप्पट झालं होतं.

उलगडा आजींनी केला. त्या रोज सकाळी पायऱ्या झाडायच्या. एक दिवस मला म्हणाल्या, “पक्षी यायच्या आधीपासून मी हा पिवळा भुसा काढतेय, तो कशाचा?” पायरीच्या कोपऱ्यात चिमूटभर भुश्याचा ढीग होता, रव्यासारखा बारीक, ताजा, हाताला किंचित ओलसर. बरोबर वर बघितलं तर पट्टीच्या खालच्या अंगाला, उभ्याने दिसत नाही अशा जागी, कंपासाने आखावं तसं गोल छिद्र, करंगळी जाईल एवढं. पुढे वीतभर अंतरावर दुसरं. मग तिसरं. आम्ही बघत होतो तेवढ्यात एक काळाभोर भुंगा गुणगुणत आला आणि त्यात शिरला.

लाकूड पोखरणारी भुंग्याची मादी आत थोडी सरळ जाते आणि मग वळून लाकडाच्या रेषेने आडवा बोगदा काढते. त्यात एकामागे एक खोल्या, प्रत्येकीत परागाचा एक गोळा आणि त्यावर एक अंडं. अळ्या पोसल्या की आत हालचाल होते, सुतार पक्षी ती हेरतो आणि बोगद्याच्या लांबीभर लाकूड उसवत जातो. चिरफळ्या लांब आणि रेषेतच का होत्या, ते आता कळलं. पक्षी तिथे पोट भरायला येत होता. भरल्या ताटावर चमकत्या पट्ट्या टांगून काही होणार नव्हतं.

मी पहिल्या दिवशी शिडी लावून पट्टीच्या खालून हात फिरवला असता तर हे तेव्हाच कळलं असतं. मी अंगणातून दुर्बिणीने बघितलं आणि समाधान मानलं.

इथे दुसरा निर्णय आला. मिस्त्रींचं मत होतं की छिद्रांत कीटकनाशकाची भुकटी फुंकावी आणि लांबी (पुट्टी) भरावी, जुनी रीत आहे. मी नको म्हटलं. भुकटी लागलेल्या अळ्या तोच पक्षी उचलणार आणि त्याच दिवसांत भिंतीतल्या पिल्लांना भरवणार. शिवाय आत भुंगा असताना नुसतं बुजवलं तर तो दुसरीकडून पोखरून बाहेर येतो. पट्टी तशीही निम्मी पोकळ झाली होती. ती अख्खी उतरवून नवी लावायची ठरलं. भुंगे परागीभवन करतात, त्यांना मारायची गरजही नव्हती.

केलेलं काम

धुराड्याची टोपी सगळ्यांत सोपी निघाली. ज्याला वाजवायचं आहे त्याचं वाद्य बद्द करायचं. टोपीच्या बाहेरच्या अंगाला उष्णता सोसणारा जाड थर पट्ट्यांनी आवळून बसवला, धूर जायची वाट पूर्ण मोकळी ठेवून. दुसऱ्या पहाटे पक्षी आला, चार ठोके मारले, आवाज उमटला नाही. दोन दिवस तो छपरावर इकडे तिकडे ठोकून बघत होता, मग पन्हळीवर गेला. तिथेही आतून रबराच्या पट्ट्या दिल्या. त्यानंतर आजी पुन्हा स्वतःच्या खोलीत झोपायला गेल्या.

चौथ्या आठवड्यात पाऊस आला. तिरक्या पट्टीने बरंचसं पाणी वळवलं, पण वाऱ्याच्या झोताबरोबर आलेलं अडलं नाही. घमेलं दोनदा भरलं. दादांनी ते स्वतः ओतलं आणि मला काही बोलले नाहीत. त्याच दिवसांत भोकातून पिल्लांचा आवाज जिन्यापर्यंत ऐकू यायला लागला होता, तेलाच्या कढईत पाण्याचे थेंब पडावेत तसा सततचा चरचर आवाज.

सदतिसाव्या दिवशी शेवटचं पिल्लू उडालं. आता घाई करायचा मोह होतो, आणि तो आवरावा लागतो, कारण घरटं संपलं तरी ढोली मुक्कामाला वापरली जाते. आम्ही तीन संध्याकाळी अंगणात बसून पाहिलं. पहिल्या संध्याकाळी कोणी नाही. दुसऱ्या संध्याकाळी, अंधारायच्या थोडं आधी, नर आला, भोकाच्या कडेला शेपटीचा टेकू देऊन क्षणभर थांबला आणि आत गेला. तिसऱ्या दिवशीही तसंच. म्हणून भोक बंद करायचं ते भर दुपारी, तो बाहेर असताना, आणि कॅमेऱ्याने आत बघून.

बंद करायची रीत अशी. भिजलेला फोम काढून नवा भरला. भोकाच्या मागे बारीक डोळ्यांची जाड पोलादी जाळी, त्यावर मापाचा लाकडी गुट्टा, सांध्यात लाकडासाठीचा एपॉक्सी गोंद. नुसती लांबी भरली असती तर ती चोचीपुढे आठवडाभरही टिकली नसती. त्याच दिवशी तिकोनी भिंतीवर जाळी चढवली, वर सांगितलेल्या मापाने.

वळचणीची पट्टी उतरवून नवी लावली आणि तिला सगळ्या बाजूंनी, मुख्य म्हणजे खालून आणि कापलेल्या टोकांना, फिकट रंगाचे दोन हात दिले. भुंग्यांना उघडं, जुनं लाकूड आवडतं, रंगवलेलं ते सहसा टाळतात. कॉर्नेलच्याच पाहणीत फिकट, उजळ रंगवलेल्या घरांपेक्षा मातकट, तपकिरी घरांवर सुतार पक्ष्यांचं नुकसान जास्त आढळलं होतं. दादांनी बाकीच्या फळ्या रंगवायला नकार दिला, तो त्यांचा निर्णय.

जुन्या पट्टीचे तुकडे फेकले नाहीत. ते अंगणाच्या टोकाला, कुंपणाशी, आडोशाला रचले, भुंग्यांसकट. आणि वठलेल्या झाडाचा ढोल्या असलेला वरचा तुकडा, दीड पुरुष उंचीचा, घरापासून लांब खड्डा खणून उभा केला. तो कोसळला तरी घराला लागणार नाही, एवढं अंतर मोजून.

परिणाम

भोक बंद केल्यावर पुढचे चार दिवस नर रोज संध्याकाळी आला. जाळीवर बसला, घराला वळसे घातले, अंधार पडल्यावर झाडांत निघून गेला. ताईंनी मला सांगितलं की ते बघणं त्यांना जड गेलं. मलाही गेलं असतं.

पुढच्या विणीच्या हंगामात पहाटेचा आवाज घरावरून गेला. उभ्या केलेल्या खोडावर पक्षी वाजवताना दिसला, बऱ्याच वेळा. ढोली मात्र त्याने वापरली नाही. त्यात मैनांनी घरटं केलं. सुतार पक्ष्याच्या जोडीने घराच्या हद्दीबाहेर एका वाळक्या फांदीत नवी ढोली कोरली. त्याच्या मुक्कामासाठी आम्ही एक लाकडी पेटीही टांगली होती, ती रिकामीच राहिली. नव्या पट्टीवर एकही छिद्र नाही.

आतल्या बाजूला बुरशीचा हातभर डाग आला होता, तेवढा भाग खरवडून पुन्हा करावा लागला. भोकाखालची एक फळी खालून कुजली होती, ती बदलली. थांबण्याची ही किंमत होती आणि ती दादांनी भरली.

वेगळं काय करता आलं असतं

झाड पूर्ण उतरवायची गरज नव्हती, असं मला आता ठामपणे वाटतं. धोका वरच्या फांद्यांचा आणि उंचीचा होता. शेंडा आणि फांद्या काढून पुरुष-दोन पुरुष उंचीचं खोड उभं ठेवलं असतं तर ते घरापर्यंत पोचलं नसतं आणि पक्ष्याला वाजवायला जागा राहिली असती. ढोल्या वरच्या तुकड्यात होत्या, त्या वाचल्या नसत्या हे खरं. पण तोडणी विणीच्या हंगामाच्या बरीच आधी झाली असती तर जोडीला दुसरी जागा शोधायला वेळ मिळाला असता. झाड तोडणाऱ्याने करवत लावण्याआधी खोडाकडे एकदा वर मान करून बघावं, इतकं तरी मी आता प्रत्येक घरी सांगतो.

बाहेरची तिरकी पट्टी आखूड पडली. ती भोकाच्या दोन्ही बाजूंना हातभर पुढे असती आणि कडा खाली वळवलेल्या असत्या तर वाऱ्याचं पाणी बरंच अडलं असतं. पक्ष्याला त्रास होईल या काळजीने मी ती लहान ठेवायला सांगितली होती. नर ज्या सहजतेने परत येत होता ते पाहता थोडी मोठी पट्टी त्याने चालवून घेतली असती.

जाळीचा एक कोपरा छपराच्या कडेपासून चार बोटं आत संपतो. तिथे मिस्त्रींना टेकू मिळाला नव्हता आणि मीही चालेल म्हटलं होतं. मागच्या महिन्यात ताईंनी फोटो पाठवला. बरोबर त्या चार बोटांच्या उघड्या फळीवर नवा खळगा आहे, नखभर खोल, कडा ताज्या. या खेपेला विणीचा हंगाम सुरू व्हायला अजून वेळ आहे. आत पोकळी झालेली नाही, हे त्यांनी कॅमेरा लावून आधीच बघितलंय. शनिवारी मिस्त्री जाळीचा तो कोपरा वाढवायला जाणार आहेत आणि मी शिडी धरायला.